दम किती आहे? हृदय-फुप्फुसांची क्षमता साध्या चाचण्यांनी कशी मोजायची

व्यायाम सुरू करायचा ठरला की सगळ्यात आधी वजन मोजलं जातं. वजनकाटा हाताशी असतो, आकडा लगेच मिळतो. दम मोजायचं मात्र फारसं कुणाला सुचत नाही. त्यासाठी ट्रेडमिल, छातीला चिकटवलेल्या तारा, तोंडावर मास्क असं सगळं लागत असणार, असा समज असतो. खरं तर सपाट जागा, मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि नाडी सापडणारी दोन बोटं एवढ्यावरही बरंच काही कळतं. मात्र मोजमाप नीट आणि दर वेळी एकाच पद्धतीने व्हायला हवं.

कोणती चाचणी सर्वांत अचूक, या वादात नवख्याने पडू नये. जी चाचणी दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, तशीच्या तशी पुन्हा करता येईल, ती आपल्यासाठी चांगली. या चाचण्यांतून निघणारा एकेकटा आकडा अंदाजेच असतो. त्याच माणसाचे, त्याच पद्धतीने काढलेले दोन आकडे शेजारी ठेवले की मात्र ते खूप काही सांगतात.

मोजतो ते नेमकं काय

स्नायूंना काम करायला ऑक्सिजन लागतो. फुप्फुसं तो हवेतून घेतात, रक्त तो वाहून नेतं, हृदय ते रक्त ढकलतं आणि शेवटी स्नायू तो वापरतात. ही सगळी साखळी पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. ते दर किलो वजनामागे, दर मिनिटाला किती मिलिलिटर, असं सांगतात. ही कल्पना १९२० च्या दशकात ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांच्या धावण्यावरच्या प्रयोगांतून पुढे आली. शांत बसलेलं शरीर साधारण ३.५ मिलिलिटर वापरतं असं धरतात आणि त्याला १ मेट म्हणतात. ७ मेटचं काम म्हणजे बसल्या जागेच्या सातपट.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. निरोगी माणसाला धाप लागते तेव्हा फुप्फुसं कमी पडलेली असतात असं सहसा नसतं. फुप्फुसांकडे बरीच शिल्लक असते. आधी मर्यादा येते ती हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलू शकतं याची. म्हणून दम मोजायच्या बहुतेक साध्या चाचण्या नाडीभोवती फिरतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर हृदय आणि फुप्फुसं दोन्ही ठणठणीत असूनही दम लवकर लागतो, कारण ऑक्सिजन वाहून नेणारंच अपुरं असतं. साखळी कुठे अडली आहे ते या चाचण्या सांगत नाहीत. साखळी एकूण किती चालते एवढंच सांगतात.

चाचणी कुणी करू नये

हा भाग वाचायचा सोडू नका. चालताना किंवा बसल्या जागी छातीत दुखणं, दाबल्यासारखं होणं, घेरी येणं, शुद्ध हरपणं, थोड्याशा श्रमाने अचानक वाढलेली धाप, पायांवर नव्याने आलेली सूज, अनियमित धडधड यांतलं काहीही असेल तर घरी चाचणी करायची नाही, आधी डॉक्टर गाठायचे. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर विचारून मगच. महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर दवाखान्यातसुद्धा सहा मिनिटांची साधी चालण्याची चाचणी सहसा घेत नाहीत. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तेव्हाही डॉक्टर दोनदा विचार करतात. आपण तर अशा दिवशी नादच सोडायचा.

ताप, सर्दी-खोकला, जुलाब, रात्रभर जागरण झालं असेल तर तो दिवस चाचणीचा नाही. तापातून नुकतंच उठल्यावर नाडी जास्तच येणार आणि तो आकडा वहीत उगीच घर करून बसणार.

चाचणी चालू असताना छातीत, जबड्यात किंवा हातात दुखू लागलं, गरगरलं, थंड घाम फुटला, पाय लटपटले, श्वास आवरेनासा झाला, तर तिथेच थांबायचं. ‘आता एकच मिनिट राहिलंय’ असं म्हणत रेटायचं नाही. बसूनही दुखणं थांबलं नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. म्हणूनच पहिली चाचणी एकट्याने करू नका, कुणीतरी जवळ असू द्या.

पहिली पायरी: नाडी मोजायला शिका

सगळा हिशेब नाडीवर उभा आहे, तेव्हा दोन दिवस फक्त हाच सराव केला तरी वेळ वाया जात नाही. तळहात वर करा. दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला ठेवा. तिथे हाड लागतं. त्या हाडाच्या किंचित आत, मधल्या शिरांच्या दोऱ्यांच्या अलीकडे एक खळगी असते, ठोका तिथे लागतो. अंगठ्याने नाडी बघू नका, अंगठ्याचा स्वतःचा ठोका मध्ये येतो. जोरात दाबलं तर नाडी हरवते, अगदी हलकं ठेवलं तर लागत नाही. दाब थोडा-थोडा वाढवत गेलं की एका क्षणी ठोका स्पष्ट होतो, बोटं तिथेच स्थिर ठेवायची.

मानेवरची नाडी लवकर सापडते, म्हणून व्यायामानंतर अनेक जणांचा हात तिकडेच जातो. चालेल, पण एकाच बाजूला आणि हलक्या बोटांनी. मानेतल्या रक्तवाहिनीत दाब ओळखणारे संवेदक असतात. ती दाबली की हृदयाचा वेग उतरतो, म्हणजे मोजायला गेलो आणि मोजमापच बदललं. दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू नयेत.

१५ सेकंद मोजून ४ ने गुणणं सोपं, पण एक ठोका चुकला की हिशेबात ४ चा फरक पडतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करणं बरं. विश्रांतीची नाडी मात्र पूर्ण मिनिट मोजा. मनगटी घड्याळ नाडी दाखवत असेल तर विश्रांतीत ते बऱ्यापैकी बरोबर असतं. जोराच्या हालचालीत ते मागे पडतं आणि कधीकधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं. छातीचा पट्टा अधिक भरवशाचा. काहीच नसेल तर बोटं आहेतच.

नाडीचे ठोके अनियमित पडत असतील, एक लवकर, एक उशिरा, मध्येच गाळलेला, तर ते डॉक्टरांना दाखवा. आणि बीटा-ब्लॉकर जातीची (रक्तदाब-हृदयविकारासाठी देतात ती, नाडी मंदावणारी) गोळी चालू असेल तर नाडीवर बेतलेल्या चाचण्या तुमच्यासाठी फसव्या आहेत. गोळी नाडी वाढूच देत नाही, त्यामुळे आकडा उगाच छान येतो. तुम्ही अंतरावर बेतलेली चाचणी निवडा, म्हणजे सहा मिनिटं चालण्याची, आणि तीही डॉक्टरांना विचारून. मोजायच्या दिवसासाठी गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

दुसरी पायरी: विश्रांतीची नाडी

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, पूर्ण एक मिनिट. असं लागोपाठ तीन-चार दिवस करून सरासरी काढा. प्रौढ माणसाची नाडी ६० ते १०० मध्ये असणं सर्वसाधारण मानतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंची ४०-५० सुद्धा असते, कारण त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. कुणाचं हृदय मुळातच संथ असतं, त्यामुळे नुसती कमी नाडी म्हणजे तंदुरुस्ती असं समजू नये. आकडा सतत १०० च्या वर येत असेल किंवा नाडी संथ असून चक्कर येत असेल तर पुढच्या पायऱ्या राहू द्या, तपासून घ्या.

तिसरी पायरी: सहा मिनिटं चालणं

नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. या चाचणीचं मूळ मात्र धावण्यात आहे. अमेरिकी हवाई दलात काम करणाऱ्या केनेथ कूपर या डॉक्टरांनी १९६८ मध्ये १२ मिनिटांत किती अंतर धावता येतं यावरून व्हीओटू मॅक्सचा अंदाज बांधायची पद्धत प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण धावणार कसे? म्हणून १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्यांना १२ मिनिटं चालवलं. तेही अनेकांना जड जातंय म्हटल्यावर १९८२ मध्ये सहा मिनिटांवर आणलं, आणि निष्कर्ष जवळपास तसेच निघाले. आज हृदय आणि फुप्फुसांच्या रुग्णांसाठी ही चाचणी जगभर वापरतात.

दवाखान्यात ३० मीटरचा सरळ, सपाट मार्ग वापरतात. तेवढी जागा नसेल तर २० मीटरही चालेल, पण कमी लांबीवर वळणं वाढतात आणि प्रत्येक वळणावर वेग मोडतो, त्यामुळे अंतर थोडं कमी भरतं. म्हणून पुढच्या वेळीही तीच लांबी ठेवायची. पावलांनी मोजू नका, मोजपट्टीने मोजा. दोन्ही टोकांना ठळक खूण ठेवा आणि दर तीन मीटरवर खडूची रेघ ओढा, शेवटचं अर्धवट अंतर मोजायला ती कामी येते.

आदल्या दोन तासांत जोराचा व्यायाम नको, भरपेट जेवण नको. रोजचे बूट घाला. चाचणीआधी खुर्चीत १० मिनिटं बसून राहायचं. इथे वॉर्म-अप करत नाहीत. बसल्या-बसल्या नाडी मोजा, ऑक्सिमीटर असेल तर ऑक्सिजनची पातळी बघा आणि आत्ता दम किती लागलाय ते ० ते १० मध्ये सांगून लिहून ठेवा. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही.

मग उठा आणि चाला. धावायचं नाही, सहा मिनिटांत जमेल तितकं जास्त अंतर कापायचं. दम लागला तर हळू व्हा, भिंतीला टेका, थांबा, सगळं चालतं. घड्याळ मात्र थांबवायचं नाही. सोबत्याचं काम दोनच गोष्टींचं: या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला वहीवर एक रेघ मारायची आणि दर मिनिटाला, एकाच सुरात, ‘छान चाललंय, पाच मिनिटं राहिली’ असं सांगायचं. टाळ्या, आरडाओरडा, सोबत चालणं नको. प्रोत्साहनाने अंतर खरंच वाढतं. पहिल्या वेळी नातू ओरडत होता आणि दुसऱ्या वेळी कुणीच नव्हतं, तर दोन आकडे जुळवायचे कसे? सोबती पुढेही चालू नये, आपण नकळत त्याचा वेग धरतो.

सहा मिनिटं संपली की जागच्या जागी थांबा. २० मीटरच्या मार्गावर २४ टप्पे पूर्ण झाले आणि पुढच्या टप्प्यात १३ मीटर चाललात, तर ४८० अधिक १३, म्हणजे ४९३ मीटर. लगेच नाडी, ऑक्सिजन आणि दमाचा ० ते १० आकडा पुन्हा लिहा. ऑक्सिजनची पातळी सुरुवातीपेक्षा ४ किंवा अधिक अंकांनी खाली आली असेल तर डॉक्टरांना सांगा. चालताना ती ९० च्या खाली गेली तर चाचणी तिथेच थांबवा. त्याआधी बोट गार आहे का, नखाला रंग लावलाय का, हात हलतोय का हेही बघा, या तिन्हींमुळे यंत्र चुकतं.

पहिल्याच दिवशी, निदान अर्धा तास विश्रांती घेऊन, चाचणी पुन्हा करा आणि दोन्हींतलं जास्त अंतर ग्राह्य धरा. दुसऱ्या वेळी अंतर बहुधा वाढतंच, कारण वेग कसा धरायचा हे अंगवळणी पडलेलं असतं. ती प्रगती नव्हे, सराव. हा टप्पा गाळला तर दोन महिन्यांनी दिसणारी वाढ व्यायामाची की सवयीची, हे कळणार नाही.

अंतर किती यावं? ४० ते ८० वयाच्या निरोगी अमेरिकी लोकांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांचं मध्यक (म्हणजे निम्म्यांचं त्याहून कमी, निम्म्यांचं जास्त असं) अंतर ५७६ मीटर आणि स्त्रियांचं ४९४ मीटर होतं. उंची, वय, वजन यांनी ते बरंच बदलतं. बुटक्या माणसाचं पाऊल लहान असतं, त्याने ताडमाड माणसाशी तुलना करून खट्टू होऊ नये. फुप्फुसाच्या जुनाट आजारात सुमारे ३० मीटरचा फरक महत्त्वाचा मानतात. निरोगी माणसानेही ५-१० मीटरच्या वाढीवर पेढे वाटू नयेत.

या चाचणीची एक मर्यादा आहे. रोज धावणाऱ्याला ती काहीच सांगत नाही. धावायला बंदी असल्यामुळे चालण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही आणि दम मात्र बराच उरतो. अशांनी पुढे सरकावं.

चौथी पायरी: एक मैल भरभर

ही १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली, रॉकपोर्ट नावाने ओळखली जाणारी चाचणी. १,६०९ मीटर अंतर, न धावता, जमेल तितकं भरभर चालायचं. ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर चार फेऱ्या आणि वर ९ मीटर. मोबाइलमधल्या जीपीएसवर अंतर मोजणार असाल तर मार्ग तोच ठेवा. इथे आधी पाच मिनिटं सावकाश चालून अंग मोकळं करायला हरकत नाही. अंतर पूर्ण होताच वेळ टिपा आणि लगेच नाडी घ्या. थांबल्याबरोबर नाडी उतरायला लागते, त्यामुळे इथे १५ सेकंद मोजून ४ ने गुणणंच बरं.

आता गणित. १३२.८५३ मधून चार गोष्टी वजा करायच्या: किलोतलं वजन गुणिले ०.१६९२, वय गुणिले ०.३८७७, मिनिटांतला वेळ गुणिले ३.२६४९ आणि शेवटची नाडी गुणिले ०.१५६५. पुरुष असेल तर शेवटी ६.३१५ मिळवायचे.

उदाहरण घेऊ. ४५ वर्षांची स्त्री, वजन ६२ किलो, वेळ १७ मिनिटं, नाडी १३८. वजनाचे १०.४९, वयाचे १७.४५, वेळेचे ५५.५० आणि नाडीचे २१.६० वजा केले की उरतात सुमारे २७.८ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ८ मेट. समजा दहा आठवडे नियमित चालून वजन तेवढंच राहिलं, पण वेळ १६ मिनिटं १५ सेकंद आणि नाडी १३४ झाली, तर आकडा ३०.९ येतो. वजनकाटा जागचा हलला नसताना दम ११ टक्क्यांनी वाढला. वजनाकडे बघून व्यायाम सोडून देणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतःच्या आकड्यांनी करून बघावं.

इथे हमखास एक घोटाळा होतो. १६ मिनिटं ५० सेकंद म्हणजे १६.५० नव्हे. सेकंदांना ६० ने भागायचं: १६.८३. एवढ्या चुकीने उत्तर १ मिलिलिटरने फुगतं. आणि हे सूत्र ३० ते ६९ वयाच्या लोकांवरून बांधलेलं आहे. विशीतल्या मुलांनी आलेला आकडा जरा सांभाळूनच घ्यावा.

पाचवी पायरी: तीन मिनिटांची चढ-उतार

जागा नाही, पाऊस आहे, ट्रॅक लांब आहे, अशा वेळी ही चाचणी सोयीची. पण ती दिसते तितकी हलकी नाही. ३०.५ सेंटिमीटर उंचीच्या पाटावर मिनिटाला २४ वेळा चढायचं म्हणजे तीन मिनिटांत ७२ वेळा, एकूण जवळपास २२ मीटर. हे सात मजले चढल्यासारखं झालं. हिशेबाने हे काम ७ मेटच्या आसपास जातं. म्हणून चालण्याच्या दोन चाचण्या विनातक्रार पार पडल्यावरच इकडे वळा. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर वळूच नका.

१. पाट किंवा बाक भक्कम हवा, घसरता कामा नये. मागची बाजू भिंतीला टेकवा. उंची मोजून वहीत लिहा. नेमकी ३०.५ नसली तरी चालेल, पण मग सगळे आकडे त्याच उंचीचे ठेवा, छापील तक्त्यांशी ताडून बघू नका.

२. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक वाजवणारं ॲप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा. चार ठोक्यांत एक आवर्तन: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. वर गेल्यावर गुडघा पूर्ण सरळ करायचा. अर्धवट वाकून उतरलं की काम कमी होतं आणि आकडा उगाच सुधारतो.

३. आधी अर्धा मिनिट ठेका जमतोय का बघा, मग खाली बसून नाडी पूर्ववत होऊ द्या. दीड मिनिटानंतर पाय बदलला तरी चालेल.

४. तीन मिनिटं होताच बसा आणि पाच सेकंदांच्या आत मोजायला सुरुवात करून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. तोच तुमचा आकडा.

हा आकडा चढण्याच्या वेळच्या नाडीचा नाही. मिनिटभरात नाडी उतरत जाते आणि ती उतरणसुद्धा त्यात मोजली जाते. तंदुरुस्त माणसाची नाडी चढते कमी आणि उतरते लवकर, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ठोके कमी भरतात. तीच कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या चाचणीत होती. तिथे पाट ५० सेंटिमीटरचा, वेग मिनिटाला ३० आणि वेळ पाच मिनिटं. ती धडधाकट तरुणांसाठी बेतलेली होती. इंटरनेटवर ती ‘घरच्या घरी करा’ म्हणून फिरताना दिसते, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

ठेका हुकू लागला तर चाचणी संपली समजा. किती मिनिटं, किती सेकंद टिकलो ते लिहा. तोही एक उपयोगी आकडा आहे.

धावणं, आणि ज्यांना चालणंही अवघड त्यांचं

काही महिने नियमित धावत असाल तर कूपरची १२ मिनिटांची चाचणी करा. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की व्हीओटू मॅक्सचा अंदाज मिळतो. २,००० मीटरला ३३.४, २,४०० मीटरला ४२.४. यात जवळजवळ सगळा दम लागतो आणि वेग कसा राखायचा हे माहीत नसेल तर चौथ्या मिनिटाला माणूस संपतो. पहिल्या दिवसाची चाचणी ही नव्हेच.

उलट ज्यांना लांब चालणं जमत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची आहे. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, एका मिनिटात पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा जमतं ते मोजायचं. यात दमाइतकीच मांड्यांचीही परीक्षा होते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांचा आकडा फुप्फुसांविषयी फारसं सांगत नाही. दुसरा पर्याय, दोन मिनिटं जागच्या जागी गुडघे उचलून चालणं. गुडघ्याची वाटी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध भिंतीवर खूण करायची, गुडघा तिथवर यायला हवा. फक्त उजवा गुडघा किती वेळा आला ते मोजायचं.

नाडी किती चढू द्यायची आणि किती लवकर उतरते

कमाल नाडी काढायचं २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय असं सूत्र मांडलं गेलं. पन्नाशीत दोन्हींत फरक तीनच ठोक्यांचा, सत्तरीत मात्र १५० विरुद्ध १५९. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत आणि एखाद्याची खरी कमाल नाडी त्याहून १०-१२ ठोके वर-खाली सहज असू शकते. चालण्या-चढण्याच्या चाचण्यांत अंदाजे कमाल नाडीच्या ८५ टक्क्यांवर गेलात की थांबा. दुसऱ्या सूत्राने पन्नाशीत ते १४७ च्या आसपास येतं. नाडी बघता येत नसेल तर बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर जोर मध्यम आहे, दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर जोराचं काम चालू आहे.

उतरण मोजायची तर थांबल्या क्षणाची नाडी आणि बरोबर एक मिनिटानंतरची नाडी, दोन्ही लिहा. १९९९ मध्ये अमेरिकेत ट्रेडमिल चाचणी केलेल्या रुग्णांवरचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची नाडी पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. ती पूर्ण जोराची चाचणी होती, त्यामुळे सावकाश चालून आल्यावर नाडी ११ नेच उतरली म्हणून घाबरायचं कारण नाही. मुळात ती चढलीच नव्हती तर उतरणार किती? पण जोराची चाचणी करूनही उतरण सतत एवढीच येत असेल तर डॉक्टरांना दाखवण्याजोगी गोष्ट आहे.

श्वास रोखून काही कळत नाही

‘इतके सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुसं उत्तम’ असे संदेश कोविडच्या साथीत जगभर फिरले, अजूनही फिरतात. श्वास किती वेळ रोखता येतो हे मुख्यतः साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदू किती सहन करतो आणि सराव किती आहे यावर ठरतं. आजारी माणूसही बराच वेळ श्वास रोखू शकतो. खुद्द फुप्फुसांची तपासणी हवी असेल तर स्पायरोमेट्री करतात. त्यात फुंकर मारून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, ते मोजतात. दमेकऱ्यांना पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा कमाल वेग मोजणारं छोटं उपकरण, माहीत असतंच. या दोन्हींची जागा चालण्याची चाचणी घेऊ शकत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळेही घरच्या चाचणीत दिसत नाहीत. ५८० मीटर चालणाऱ्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्याच असतील असं नाही. त्यासाठी ईसीजीसह ट्रेडमिल किंवा त्यापुढच्या तपासण्या असतात आणि त्या कधी करायच्या ते डॉक्टर ठरवतात.

वहीत काय लिहायचं, पुन्हा कधी मोजायचं

तारीख, वेळ, जागा, मार्गाची लांबी किंवा पाटाची उंची, हवा गरम होती की थंड, आदली झोप, चहा-कॉफी किती वेळापूर्वी, चालू औषधं, बूट कोणते. त्यानंतर आकडे. उकाड्यात तेवढ्याच कामाला नाडी जास्त येते, कारण हृदयाला त्वचेकडेही रक्त पाठवून अंग थंड ठेवायचं असतं. हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी जुळवताना ही नोंद नसेल तर माणूस विनाकारण खूश होतो किंवा खचतो.

दर आठवड्याला मोजू नका. नाडी दिवसागणिक चार-पाच ठोके इकडे-तिकडे होतेच, त्या चढ-उतारात खरी वाढ हरवून जाते. सहा ते बारा आठवड्यांचं अंतर ठीक. तोवर व्यायाम बदलला असेल, एखादं औषध नवीन लागलं असेल, तर तेही लिहा. कष्ट तेवढेच असताना आकडा दोनदा लागोपाठ घसरला, किंवा नेहमीच्या अंतराला नेहमीपेक्षा स्पष्टपणे जास्त दम लागू लागला, तर व्यायाम वाढवू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘हल्ली दम लागतो’ यापेक्षा ‘मार्चमध्ये ५२० मीटर, दमाचा आकडा ३, जूनमध्ये ४५५ मीटर, आकडा ६’ हे त्यांच्या कितीतरी जास्त कामाचं असतं.

आणि सहा मिनिटांच्या चालण्यात अंतर वाढायचं थांबलं, दमाचा आकडाही २ च्या वर जाईना, तर ती चाचणी तुम्हाला पुरेनाशी झाली. एकदा जुनी आणि नवी अशा दोन्ही चाचण्या एकाच आठवड्यात, मध्ये दोन दिवस सोडून करा, म्हणजे वहीतल्या नोंदींचा दुवा तुटत नाही. मग एक मैल, नंतर पाट, आणि धावण्याची गोडी लागलीच तर १२ मिनिटं.